पगाराविना जगणाऱ्यांचे स्वागत



स्वागत समितीच्या वतीने उज्जैन नगरीत सर्वांचे मनापासून स्वागत. इंदूर, देवास, भोपाळ, ग्वाल्हेरची मंडळी इथे आहेत. खानदेशातून रात्रभर प्रवास करून आलेले आहेत आणि पुण्या-मुंबईचेही आहेत. कोणी अनुवाद करतात, कोणी पुस्तकांची मुखपृष्ठे, कोणी लग्नाचे फोटो. कोणी परदेशी कंपन्यांना घरबसल्या सॉफ्टवेअर लिहून देतात, तर कोणी चार दुकानांचे हिशेब सांभाळतात. कामे निरनिराळी असली तरी एक तारखेला यांच्यापैकी कोणाच्याही खात्यात पगार जमा होत नाही. फ्रीलान्सर म्हणा, मुक्त व्यावसायिक म्हणा, आजचे संमेलन या मंडळींचे आहे.

माळव्यातल्या मराठी घरांना हे जगणे तसे नवखे वाटते. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांबरोबर आपली माणसे इथे आली. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभे केले. पुढच्या पिढ्या दरबारात, कचेरीत, शाळेत, रेल्वेत, बँकेत लागल्या. नोकरी आणि पेन्शन यांवर इथली घरे उभी राहिली. म्हणून आजही उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या एखाद्या घरी मुलाच्या लग्नाची बोलणी सुरू झाली आणि ‘घरूनच काम करतो’ असे उत्तर आले की समोरची मंडळी चहाच्या कपाकडे पाहू लागतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दरमहा ठरलेली रक्कम येणार नसेल तर संसार कशावर उभा राहणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे खरे उत्तर शोधायला हे संमेलन भरवले आहे.

ते उत्तर याच परिसरातल्या काही माणसांच्या आयुष्यात सापडते.

विष्णु श्रीधर वाकणकर, म्हणजे उज्जैनकरांचे हरिभाऊ, 4 मे 1919 रोजी नीमचला जन्मले. पेशाने चित्रकार. उज्जैनमध्ये त्यांनी भारती कला भवन सुरू केले आणि मुले घडवली. 1957 साली भोपाळ-इटारसी मार्गावर आगगाडीच्या खिडकीतून त्यांना खडकांचे वेगळेच आकार दिसले. त्यांनी चौकशी केली, पायी जंगल तुडवले आणि भीमबेटकाची चित्रित गुहागृहे जगासमोर आणली. त्या वेळी त्यांना तिकडे कोणी पाठवले नव्हते, कोणी कामही दिले नव्हते. विक्रम विद्यापीठाशी त्यांचा संबंध आला, उज्जैनजवळच्या कायथाचे उत्खनन झाले, फ्रान्स सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला जाऊन आले. 1975 मध्ये पद्मश्री मिळाली. 1976 मध्ये रॉबर्ट ब्रुक्स यांच्याबरोबर त्यांनी भारतातल्या अश्मयुगीन चित्रांवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. भीमबेटका 2003 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा हरिभाऊंना जाऊन पंधरा वर्षे झाली होती. त्यांच्याबरोबर डोंगर चढणारे, कागद धरणारे, चित्रांच्या नकला उतरवणारे त्यांचे विद्यार्थी होते. ती फौज नसती तर एका माणसाला शेकडो शैलाश्रय हिंडून नोंदवणे साधले नसते.

इथून चाळीसेक किलोमीटरवरच्या देवासचे उदाहरण जास्त तपशिलाने सांगायला हवे.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, म्हणजे कुमार गंधर्व. लहानपणीच नाव झालेले, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकलेले, मैफली गाजवणारे. विशीतच क्षयाने गाठले आणि 1948 मध्ये हवापालटासाठी ते देवासला आले. डॉक्टरांनी गाणे बंद करायला सांगितले. गवयाची मैफल बंद म्हणजे मिळकत बंद. त्याला आजारपणाची रजा नसते, भविष्य निर्वाह निधी नसतो. अशी पाच-सहा वर्षे गेली. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध त्या सुमारास भारतात मिळू लागले होते, त्याने गुण आला आणि 1953 च्या आसपास ते पुन्हा गाऊ लागले.

या काळात घर चालले ते त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंच्या शाळेतल्या नोकरीवर. त्या स्वतः देवधर मास्तरांकडे शिकलेल्या, गाणाऱ्या. त्यांनी देवासला शिक्षिकेची नोकरी धरली, आजाऱ्याची शुश्रूषा केली, आणि 1961 मध्ये त्या गेल्या. देवासच्या घराला ‘भानुकुल’ हे नाव त्यांच्यामुळेच मिळाले. नंतर कुमारांना दुसऱ्या पत्नी वसुंधराताईंची साथ लाभली. इंदूरचे रामूभैया दाते, ‘नई दुनिया’चे राहुल बारपुते, चित्रकार विष्णु चिंचाळकर, नाटकवाले बाबा डिके असा मित्रांचा गोतावळाही पाठीशी होता. कुमारांनी कोणत्याही संस्थेची नोकरी न करता स्वतःच्या अटींवर गाणे केले, असे आपण अभिमानाने सांगतो. ते खरेच आहे. पण त्या अटी परवडाव्यात म्हणून कोणीतरी रोज सकाळी घंटा झाल्यावर वर्गात उभे राहत होते, हेही त्याच अभिमानाने सांगितले पाहिजे.

पुण्याचे लेखक अनिल अवचट यांनी आपल्या घराबद्दल हीच गोष्ट मोकळेपणाने सांगितली आहे. डॉक्टर झाले, पण त्या व्यवसायात राहिले नाहीत. 1969 च्या ‘पूर्णिया’ या पुस्तकापासून माणसांत हिंडून लिहीत राहिले. घराचा आर्थिक भार पत्नी डॉ. सुनंदा अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या नोकरीवर पेलला. मुक्त व्यवसायात उतरणाऱ्या प्रत्येकाने, पुरुष असो वा स्त्री, घरात बसून हे बोलणे आधी करावे: किती महिने, कोणाच्या मिळकतीवर, आणि त्यानंतर काय. लाजून गप्प राहण्यात अनेकांची उमेद आणि संसार दोन्ही करपतात.

पुन्हा कुमारांकडे वळू. आजारपणात अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातली लोकगीते ऐकली, त्यांच्या धुना टिपल्या. बरे झाल्यावर त्यांतून नवे राग आणि नव्या बंदिशी आल्या आणि 1965 मध्ये ‘अनूपरागविलास’ ग्रंथ निघाला. ‘गीतवर्षा’, ‘त्रिवेणी’, ‘तांबे गीतरजनी’, ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे विषय घेऊन त्यांनी बांधीव कार्यक्रम केले. आयोजकांनी मागितले ते गाण्याऐवजी, मागावेसे वाटेल असे काही त्यांनी स्वतः उभे केले. कामाची वाट पाहणारा आणि कामाची कल्पना घेऊन जाणारा यांच्या मिळकतीत फरक पडतोच, त्याहून जास्त फरक दोघांच्या मानात पडतो.

नुसती प्रतिभा पुरते, असे ज्यांना वाटते त्यांनी मुक्तिबोधांचे आयुष्य वाचावे. गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले, वडील पोलीस खात्यात, शिक्षणाची काही वर्षे इथे उज्जैनमध्ये गेलेली. हिंदी कवितेला त्यांनी जे दिले ते सर्वांना ठाऊक आहे. पण शाळामास्तरकी, बनारस, जबलपूर, नागपूरची आकाशवाणी आणि साप्ताहिक असे करत ते 1958 मध्ये राजनांदगावच्या महाविद्यालयात स्थिरावले. अर्थार्जनासाठी लिहिलेल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर 1962 मध्ये मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. 1964 च्या सप्टेंबरात दिल्लीत ते गेले, वय सेहेचाळीस. पहिला कवितासंग्रह हाती घेऊन पाहणेही त्यांच्या वाट्याला आले नाही.

आता हिशेबाकडे वळू. उद्या सकाळी पाहुण्यांनी रामघाटावर जरूर जावे आणि तीर्थपुरोहितांच्या वह्या पाहाव्यात. लांबट, कापडात बांधलेल्या, उभ्या उघडणाऱ्या. गाव आणि आडनाव सांगितले की पुरोहित नेमकी वही काढतात, पाने उलटतात आणि आपल्या पणजोबांच्या सहीवर बोट ठेवतात. यजमान कोणत्या साली आला, बरोबर कोण होते, कशासाठी आला, सगळे लिहिलेले. पगार नसलेला हा व्यवसाय पिढ्यान्पिढ्या टिकला, त्यात श्रद्धेइतकाच वाटा या नोंदींचा आहे. आपल्यापैकी किती जणांकडे मागच्या तीन वर्षांतल्या गिऱ्हाइकांची नावे, कामे, रकमा आणि थकलेली बिले एका जागी लिहिलेली आहेत?

आज या कामाचा पसारा मोठा आहे. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालाने 2020-21 मधल्या गिग कामगारांची संख्या 77 लाख धरली आणि 2029-30 पर्यंत ती 2 कोटी 35 लाखांवर जाईल असा अंदाज दिला. डिलिव्हरी करणारी मुले आणि टॅक्सीचालक त्यात आहेत, संगणकावर काम करणारेही आहेत.

या मंडळींचे सर्वांत मोठे दुखणे म्हणजे थकलेले पेमेंट. काम ‘अर्जंट’ असते, पैसे ‘पुढच्या आठवड्यात’. या बाबतीत कायदा पाठीशी आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, करारात काहीही लिहिले असले तरी, 45 दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर मुदत 15 दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. सेवा देणारा एकटा माणूसही ‘उद्यम’ पोर्टलवर नोंदणी करू शकतो आणि तिला एक पैसाही लागत नाही. ती काम घेण्याआधीच केलेली बरी, वाद झाल्यावर केली तर उपयोग होईलच असे नाही.

दुसरी गोष्ट हक्कांची. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात लेखक-अनुवादक आपल्या मजकुराचा पहिला मालक असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. चित्र आणि छायाचित्र मात्र पैसे देऊन करवून घेतले असेल तर, उलट करार नसल्यास, मालकी करवून घेणाऱ्याची. चित्रकारांनी आणि फोटोग्राफरांनी हा भेद आज घरी जाण्याआधी वहीत लिहून घ्यावा.

कायद्याने सुटणार नाही असे एक दुखणे उरते, आणि ते आपणच आपल्याला लावून घेतले आहे. आपण एकमेकांना दर सांगत नाही. एकाच शहरातले दोन अनुवादक वर्षानुवर्षे एकाच प्रकाशकाचे काम करतात, चहाला भेटतात, मुलांच्या मुंजीला जातात, पण शब्दामागे किती मिळतात हे विचारत नाहीत. मग गिऱ्हाईक पहिल्याला दुसऱ्याचा दर सांगते, बहुधा खरा आहे त्याहून कमी, आणि दोघेही खाली येतात. नोकरदाराला आपल्या श्रेणीचा पगार माहीत असतो, हमालाला हातगाडीचा भाव माहीत असतो. सुशिक्षित मुक्त व्यावसायिक तेवढा अंधारात राहतो. या संमेलनाने दुसरे काही केले नाही, पण हा संकोच मोडला, तरी स्वागत समिती आपले कष्ट सार्थकी लागले असे मानील.

म्हणून पहिलेच सत्र दर आणि करार या विषयावर ठेवले आहे. प्रवेशद्वारापाशी कोऱ्या चिठ्ठ्या आणि एक पेटी आहे. आपले काम कोणते, त्याचा दर किती आणि सर्वांत जुने थकलेले बिल किती महिन्यांचे, एवढेच लिहावे. आपले किंवा गिऱ्हाइकाचे नाव घालू नये. दुपारच्या जेवणानंतर या चिठ्ठ्या कामाप्रमाणे लावून फळ्यावर लिहिल्या जातील. मागच्या दालनात दोन चार्टर्ड अकाउंटंट आणि एक वकील दिवसभर बसलेले आहेत. उद्यम नोंदणीसाठी आधार आणि पॅन क्रमांक जवळ असले की तिथेच काम होईल. ज्यांच्या पगारावर घरच्या माणसाचा हा व्यवसाय उभा राहिला, अशा काही जोडीदारांना समितीने आवर्जून बोलावले आहे. दुसरे सत्र त्यांचे आहे आणि त्यात बोलतीलही तेच.

आता अध्यक्षमहोदयांनी संमेलनाची सूत्रे हाती घ्यावीत, अशी विनंती.