नवतपा आणि दोनशे लिटर समुद्र



संयोजकांनी मला छंदाविषयी बोलायला दहा मिनिटे दिली आहेत. आपल्या ग्रुपवर मी टाकीचे फोटो टाकले तेव्हा चौघांनी विचारले, "मासे कुठून आणले?" पाणी कुठून आणले, हे एकानेही विचारले नाही, आणि माझा सगळा वेळ जातो तो पाण्यातच. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झाले. तिथे रस्ता ओलांडला की समुद्र. आपण झीरो माइलच्या गावचे. समृद्धीचे ७०१ किलोमीटर संपले तरी समुद्र दिसत नाही. म्हणून माझ्या हॉलमधला समुद्र नळाच्या पाण्यातून घडवावा लागतो.

नळाचे पाणी थेट चालत नाही, त्यात क्लोरीन असतो, क्षार असतात. स्वयंपाकघरातल्या आरओचेही चालत नाही, कारण चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची सोय अशा बऱ्याच यंत्रांत असते. मला टीडीएस शून्य लागतो. त्यासाठी आरओच्या पुढे रेझिनची एक नळी जोडली आहे. त्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ घालायचे. हे मत्स्यालयासाठी तयार केलेले मीठ असते, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमही योग्य प्रमाणात असते. दोनशे लिटरला सात किलो. शेजारच्या काकूंनी ती गोणी पाहून विचारले होते, "एवढं लोणचं कोण खाणार गं?"

पाणी खारे झाले म्हणजे टाकी तयार झाली असे नाही. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट. ही वसाहत दगडांवर आणि वाळूत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा सोडायचा नाही. शिवाय समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो, आणि पीएच जितका चढा तितका अमोनियाचा विषारी वाटा जास्त. शनिवारी टाकी आणि रविवारी लेकीच्या वाढदिवसाला 'नीमो', असा बेत ज्यांनी केला असेल त्यांनी तो रद्द करावा, ही माझी खरोखर विनंती आहे.

आता आपल्या उन्हाळ्याकडे येते. नवतप्यात बाहेर ४५ अंश असताना आत २६ अंशांचा समुद्र कसा टिकतो? दोन छोटे पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर रोखलेले आहेत, बस. भौतिकशास्त्राच्या सरांनी शिकवलेला बाष्पनाचा अप्रकट उष्मा आठवा. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता जाते. म्हणजे एक लिटर पाणी उडाले तर दोनशे लिटर पाणी जवळपास तीन अंशांनी थंड व्हावे, एवढी उष्णता ते घेऊन जाते. कुलरचेच गणित आहे, फक्त वाळ्याच्या ताट्या नाहीत. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की पंखे पुरतात. मला धास्ती असते ती जुलैनंतरची. दमट हवेत कुलर जसा नुसता चिकचिकाट करतो, तसे हे पंखेही निकामी होतात. बाहेर ३२ अंशच असतात, पण टाकी २९ कडे सरकू लागते. आमचा एसी नवतप्यापेक्षा पावसाच्या उघडिपीत जास्त चालतो, आणि बिल पाहून नवरा दरवर्षी नव्याने चकित होतो.

वाफेबरोबर मीठ मात्र जात नाही. उन्हाळ्यात माझ्या टाकीतून दिवसाला चारेक लिटर पाणी उडते. तीन दिवस कुलूप लावून चिखलदऱ्याला गेलो, तर ३५ ची क्षारता ३७ च्या वर जाईल. म्हणून भर घालायची ती शुद्ध गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. त्यासाठी मी एक तरंगता सेन्सर आणि छोटा पंप बसवला. प्रोग्राम लिहिताना पहिली अट घातली ती पंप बंद करण्याची: एका वेळी दोन मिनिटांच्या वर चालायचे नाही. सेन्सरवर गोगलगाय बसली तर तो पाणी कमी आहे असेच सांगत राहील आणि पंप अख्खी बादली आत ओतील. ऑफिसात मी जे कोड तपासते त्यात अशी गोगलगाय गृहीत धरणारे फार थोडे असतात.

आकडे रोज वहीत जातात. एका आकड्याने मी घाबरत नाही, आठवड्याचा कल पाहते. भिशीच्या दिवशी पंधरा जणी बंद खोलीत एसी लावून बसल्या की पीएच उतरतो, कारण खोलीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरतो. औषध टाकायचे नसते. खिडकी उघडायची.

फोटोत जे जांभळे-गुलाबी दिसते ते प्रवाळ नाही. कृत्रिम दगडांवर चढलेले चुनखडीयुक्त शेवाळ आहे. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे पेंचच्या वाघाच्याच पंगतीत. "मिळवून देतो" म्हणणारे भेटतात. मी नको म्हणते, आणि तुम्हीही म्हणावे. कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले ते पाणी नेहमीपेक्षा जास्त तापून तसेच राहिल्यामुळे. नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त काही आठवडे टिकला, तरी प्रवाळ आतले शेवाळ बाहेर टाकू लागतात. हॉलमध्ये तो एक अंश उतरवायला माझ्याकडे पंखे आहेत. तिथून उरलेसुरले उपटून इथे आणण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. विदूषक मासे मात्र पैदास केलेले मिळतात. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे. घेताना एवढेच विचारा: पकडलेला की पैदाशीचा?

दर रविवारी सकाळी मी वीस लिटर पाणी बदलते. ज्यांना टाकी घ्यायची आहे त्यांनी फोटोवरून ठरवू नये, त्या वेळी घरी यावे. बादल्या उचलाव्या लागतील. तर्री-पोहे माझ्याकडून.