गाडी आपली, बिल्टी कोणाची?

(जिल्हा बैठकीत केलेल्या मांडणीचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर पुष्कळ बोलून झाले. आम्ही भाड्यावर बोलणार आहोत.

आपल्या जिल्ह्यात आता पुष्कळ घरांत असे होते. दोन पोरे असली तर एक वावर पाहतो आणि दुसऱ्याला बाप फायनान्सवर गाडी काढून देतो. कोरडवाहू पाच-सात एकरांत दोन चुली चालत नाहीत, म्हणून. कोणी छोटा हत्ती घेतो, कोणी पिकअप, कोणी थेट ट्रक. एम.एच. ३२ ची नवी पाटी लागते, नारळ फुटतो आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न उभा राहतो. गाडी ट्रान्सपोर्टवाल्याकडे लावायची, की आपल्या परमिटवर, आपल्या बिल्टीवर चालवायची?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. वावर बटईने द्यावे, मक्त्याने द्यावे की घरी करावे, याचा विचार आपण दर पाडव्याला करतो. टक्केवारीवर लावलेली गाडी म्हणजे बटई. महिन्याचे ठरीव पैसे घेऊन दिलेली गाडी म्हणजे मक्ता. फरक एवढाच की वावर नापीक झाले तरी जागेवर राहते. गाडीचा हप्ता थकला की गाडी ओढून नेतात आणि लिलावात किती आली तेही नीट कळत नाही.

एक काळ असा होता की परमिट हीच मोठी अडचण होती. १९३९ च्या मोटार कायद्यात सरकार ठरवी की रस्त्यावर गाड्यांची गरज किती, आणि तेवढीच परमिटे सुटत. कापसाचे तर त्याहून वाईट. १९७२ पासून एकाधिकार खरेदी आली, कापूस राज्याबाहेर न्यायला बंदी झाली. गाडी असली काय, नसली काय. १९८८ च्या कायद्याने परमिट बरेच मोकळे केले. आज ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या गाडीला परमिटच लागत नाही. एकूण वजन म्हणजे गाडी आणि भार मिळून, ते आर.सी. बुकावर लिहिलेले असते. पिकअप घेताना हा आकडा आधी वाचा, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका. त्यावरच्या गाडीला परमिट लागते आणि ते पाच वर्षांसाठी मिळते. राज्याबाहेर जायचे तर नॅशनल परमिटचे वर्षाला १६,५०० रुपये भरा. म्हणजे आपल्या नावाने धंदा करायला आज सरकारचा अडसर फारसा नाही. खरा अडसर मालाचा आहे. त्यातही परतीच्या मालाचा.

आता पाटी-पेन्सिल घेऊन बसू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुम्ही आपापले घाला. हिंगणघाटहून गाठी भरून ट्रक मुंबईला निघाला. जाऊन-येऊन सुमारे १,५४० किलोमीटर. लिटरला चार किलोमीटर धरले तर ३८५ लिटर डिझेल, ९० रुपयांनी ३४,६५० रुपये. टोल, ड्रायव्हरचा भत्ता, चहापाणी मिळून १२,००० धरा. एकूण खर्च ४६,६५०. पार्टीकडून जातानाचे भाडे ४०,०००, येतानाचा माल मिळाला तर ३०,०००.

ट्रान्सपोर्टवाल्याकडे गाडी लावली आणि त्याने दोन्ही बाजूंनी दहा टक्के कापले, तर हाती ६३,००० येतात. खर्च जाऊन १६,३५० उरतात. महिन्यात तीन फेऱ्या झाल्या तर ४९,०५०.

आपल्या बिल्टीवर गेलो तर जाताना पूर्ण ४०,०००. येतानाचा माल तिथल्या दलालाकडून घ्यावा लागेल, तो दहा टक्के घेईल, म्हणजे २७,०००. फेरीला २०,३५० उरतात, तीन फेऱ्यांचे ६१,०५०. महिन्याला १२,००० चा फरक! ऐकून पोरगा लगेच म्हणतो, आपण आपलेच चालवू.

थांबा. तीनपैकी एका फेरीत परतीचा माल नाही मिळाला, गाडी रिकामी आली, तर? त्या फेरीत ६,६५० चा तोटा. दोन चांगल्या फेऱ्यांचे ४०,७०० त्यातून वजा जाता राहिले ३४,०५०. हप्ता ३५,००० असेल तर तो खिशातून भरायचा, आणि टायर, विमा, पासिंग अजून बाकीच आहे. दहा टक्के म्हणजे नुसती लूट, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. आम्हाला ते पटत नाही. रिकामी फेरी वाचवण्याची ती किंमत आहे. ती वाजवी की जास्त, हे परतीचा माल खरोखर मिळतो का आणि किती दिवसांत मिळतो, यावर ठरते. जो ट्रान्सपोर्टवाला दहा टक्के कापतो आणि परतीला गाडी आठ-आठ दिवस नाक्यावर उभी ठेवतो, त्याच्याकडे बटई करून उपयोग काय?

दुसरी गोष्ट हंगामाची. सीतादहीपासून उलंगवाडीपर्यंत आपल्याकडे गाडीला दम घ्यायला वेळ नसतो. जिनिंगच्या दारात गाड्यांच्या रांगा असतात. पावसाळ्यात मात्र हिंगणघाटचा रस्ता मोकळा आणि हप्ता तोच. हंगामात आपल्या बिल्टीवर आणि पावसाळ्यात ट्रान्सपोर्टकडे, असे करता येते. पण करारात लिहिलेले असले तरच. वर्षभर गाडी दुसऱ्या कोणाला देणार नाही, अशा कागदावर सही झाली की हंगामही गेला.

कराराबद्दल अमेरिकेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथे १९३५ च्या कायद्याने ट्रकच्या धंद्यावर परवान्याचे राज्य आले, पण शेतातला कच्चा माल त्यातून मोकळा ठेवला गेला. छोटा ट्रकवाला शेतमाल घेऊन शहरात जाऊ शके. येताना कारखान्याचा माल मात्र त्याला आपल्या नावावर भरता येत नसे. त्या फेरीपुरती गाडी परवानेवाल्या कंपनीला भाड्याने द्यावी लागे. १९८० साली परवाने बरेच मोकळे झाले, तरीही आज तिकडे पुष्कळ गाडीमालक कंपनीलाच गाडी लावतात. मालाची हमी पाहिजे, म्हणून. पण तिथल्या सरकारने १९७९ मध्ये नियम केला. करार लेखीच पाहिजे. भाडे किती आणि कसे मोजणार, कशाकशाचे पैसे कापणार, अनामत किती आणि परत केव्हा, सगळे कागदावर. फेरीचे कागद जमा केल्यापासून १५ दिवसांत पैसे. आपल्याकडे गाडी लावताना बहुतेक वेळा तोंडी बोलणे होते आणि कोऱ्या कागदावर सही होते. आपल्यातल्याच एका कुटुंबाची गाडी अशी लागली होती. सोडवताना कळले की डिझेलच्या उचलीपोटी त्यांच्याकडेच पैसे निघतात. हिशेबाची वही एकाच बाजूला होती.

तेव्हा सहीआधी एवढे विचारा. टक्केवारी पार्टीने दिलेल्या भाड्यावर की ट्रान्सपोर्टवाला सांगेल त्या भाड्यावर? पार्टीची पावती दाखवणार का? डिझेल त्याच्याच पंपावर भरायची सक्ती आहे का? गाडी दोन दिवसांवर उभी राहिली तर खोटी किती? आणि करार मोडायचा तर किती दिवसांची नोटीस?

दंडाचेही तिथेच लिहून घ्या. दोन धुऱ्यांच्या ट्रकची मर्यादा २०१८ मध्ये १६.२ टनांवरून १८.५ टन झाली. त्यावर भरले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २०,००० रुपये दंड आहे, शिवाय जास्तीच्या दर टनाला २,०००. कापूस हलका, वजनाआधी जागा भरते, म्हणून आपल्याला वाटते हे आपले नाही. पण बाजूला किंवा वर बाहेर आलेल्या मालालाही २०,००० चाच दंड आहे. माल भरायला लावतो ट्रान्सपोर्टवाला, चालान येते गाडीमालकाच्या नावावर.

अपघातात तर नावच पाहतात. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आर.टी.ओ.च्या दफ्तरी ज्याचे नाव तोच मालक, गाडी विकून हातोहात गेली असली तरी. म्हणून गाडी विकली की नाव बदलल्याशिवाय चावी देऊ नका. आणि विम्याची तारीख ट्रान्सपोर्टवाल्याच्या मुनिमावर सोडू नका.

आता बिल्टी. दहा जणांचा माल गोळा करून, पावती फाडून वाहायचा धंदा करायचा तर २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्याखाली नोंदणी लागते. हा कायदा १ मार्च २०११ पासून लागू आहे. ज्याची बिल्टी त्याच्यावर मालाची जबाबदारी. हे मालवाल्यांनीही ऐकावे, कारण आपण गाडीवाले थोडे आणि कापूसवाले जास्त. माल जळाला, भिजला, तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. २० क्विंटल कापूस, २०२५-२६ च्या लांब धाग्याच्या ८,११० रुपये हमीभावाने १,६२,२०० रुपयांचा. भाडे दिले २,००० तर दहापट झाले २०,०००. बाकी कापूस वाऱ्यावर! मालाची किंमत आधी लिहून देऊन जास्तीचे भाडे भरले तरच ती मर्यादा वाढते. आणि दावा करायचा तर माल भरल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे.

पैसे थकण्याचे काय? दोन्ही वाटांनी थकतात. ट्रान्सपोर्टवाला निदान डिझेलपुरती उचल देतो, मिलवाला तीही देत नाही. यावर एक हत्यार आहे, ते वापरले जात नाही. गाडीचा धंदा उद्यम म्हणून नोंदवता येतो, नोंदणी फुकट आहे. नोंदलेल्या लहान धंद्याचे पैसे २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, नाही तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तसेच दहापर्यंत मालगाड्या असलेल्याने पॅनसह लेखी निवेदन दिले तर भाड्यातून आयकर कापायचा नाही, असे २०१५ पासून आहे. कापलेला दिसला तर विचारा.

आमचे मत सांगतो. लहान गाडी, जी गावातून वर्धा, पुलगाव, आर्वी, हिंगणघाटच्या बाजारात कापूस, तूर, ज्वारी नेते आणि संध्याकाळी घरी येते, ती कोणाकडे लावू नका. माल आपल्याच शेजाऱ्याचा आहे आणि परतीला खत, ढेप, किराणा असतो. मोठा ट्रक एकट्याने पहिल्या वर्षी आपल्या बिल्टीवर काढू नये. एक वर्ष लेखी करारावर लावा आणि पोराला गाडीबरोबर पाठवा. कोणत्या गावात कोणता दलाल परतीचा माल देतो, कोण वेळेवर पैसे देतो, हे त्याच्या वहीत उतरू द्या. चार-पाच गाड्या झाल्या, शेतकरी उत्पादक कंपनी जवळ असली, तर एक नोंदणी, एक बिल्टीबुक आणि एक हिशेबनीस मिळून परवडतो. एकट्याला ते जड जाते.

ज्यांनी गाडी लावलेली आहे त्यांनी पुढच्या तालुका बैठकीला करार, आर.सी. बुक आणि मागच्या तीन महिन्यांच्या बिल्ट्या घेऊन यावे. करार नसेल तर बिल्ट्याच आणाव्यात. टक्केवारी कशावर धरली आहे ते एकत्र बसून तपासू.