निवृत्तीनंतरचे कागद आणि आपला संकोच



निवृत्तीवेतन, कर आणि आरोग्यविमा या विषयावर मला बोलावयास सांगितले आहे. मी हिशेबनीस नव्हे. मुंबईत परिचारिकेची पदविका घेतली आणि या देशात येऊन रुग्णांच्या उशाशी आयुष्य घालविले. म्हणून कराविषयी थोडक्यात सांगते आणि जे स्वतः पाहिले त्यावर अधिक बोलते.

बितुआह लेउमीचे वृद्धवेतन करमुक्त असते. नोकरीच्या पेन्शनवर मात्र कर लागतो आणि त्यातील सवलत आपोआप मिळत नाही. तोफेस १६१ दालेत भरून ती करकचेरीकडे मागावी लागते. ज्या भगिनींना स्वतःचे आणि दिवंगत पतीचे अशी दोन पेन्शने येतात, त्यांनी तेउम मस अवश्य करून घ्यावे; नाहीतर दुसऱ्या रकमेवर सर्वांत चढ्या दराने कर कापला जातो. भारत सरकारचे पेन्शन असेल तर हयातीचा दाखला दर वर्षी नोव्हेंबरात पाठवावा. आणि आपण येथे हशलामत हखनासा घेत असाल तर ते पेन्शन लपवू नये. रुपयांत ते कितीही थोडे वाटो, मागाहून वसुली झाली म्हणजे फार जड जाते.

आता प्रकृतीकडे वळते. १९९५ पासून लागू असलेल्या कायद्याने चारही कुपत होलीमपैकी कोणीही वय वा आजार पाहून आपणास नाकारू शकत नाही. परंतु कुपा औषध देते, शस्त्रक्रिया करते. रोज घरी येऊन अंघोळ घालावयास माणूस देत नाही. त्यासाठी १९८८ पासून बितुआह लेउमीची सिउद योजना आहे. उत्पन्न पाहिले जाते, आणि त्याचबरोबर कपडे घालणे, अंघोळ, जेवण, घरात चालणे, शौचशुद्धी यांसाठी दुसऱ्याचा हात किती लागतो, हे घरी येऊन तपासले जाते.

आमच्या आक्काची तपासणी होती त्या दिवशी ती पहाटेच उठून बसली. भाचीकडून ठेवणीतले पातळ नेसवून घेतले, केस विंचरून घेतले. तपासनीस बाई आल्या तेव्हा भिंतीला धरून दारापर्यंत गेली आणि चहाचा आग्रह करू लागली. अंघोळ स्वतः करता का? "करते." रात्री उठता का? "उठते." वास्तविक टबाच्या काठावरून तिचे पाय भाची उचलून आत ठेवीत असे, आणि रात्रीची चादर सकाळी कोण धुवीत असे ते मला ठाऊक होते. इतकी वर्षे इतरांच्या रुग्णांचे तक्ते भरणारी मी, तिथे बसून गप्प राहिले. परक्या बाईसमोर तिची लाज कशी काढावी, असे वाटले.

अर्ज नामंजूर झाला. त्यात तपासनीस बाईंचा दोष नव्हता. त्यांनी जे पाहिले ते लिहिले. सात महिन्यांनी आक्का न्हाणीघरात पडली व खुब्याचे हाड मोडले. माझे मौन मला अजून छळते.

दुसऱ्या अर्जाच्या वेळी मी आधी एक आठवडा वहीत टिपण ठेवले: कोणत्या दिवशी तोल गेला, जेवण कोणी भरविले, गोळ्या दोनदा घेतल्या का, रात्री किती वेळा मदत लागली. तपासनीस आल्या तेव्हा आक्का घरच्या कपड्यांत होती. ती "मी करते" म्हणाली, तेव्हा मी वही पुढे केली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण तास मंजूर झाले, आणि आता येणाऱ्या बाईला आमटीत चिंच किती घालावी हे ती खुर्चीत बसून सांगत असते.

आपल्या घरी कोणाची तपासणी असेल तर रोजची खरी काळजी घेणारी व्यक्ती त्या वेळी हजर असू द्या. नामंजुरीचे पत्र आले म्हणून प्रकरण संपत नाही; पुन्हा अर्ज करता येतो. आक्काची वही मी तिच्या परवानगीने आणली आहे. चहाच्या वेळी ज्यांना ती पाहावयाची असेल किंवा स्वतःची पत्रे दाखवावयाची असतील, त्यांनी मागच्या बाकावर यावे. माझा चष्मा बरोबर आहे.