वारशातील अदृश्य ऋण
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



व्यापारी परंपरेच्या समाजात वहीखात्याला केवढा मान असतो, हे सांगण्याची गरज नाही. दिवाळीत चोपड्यांचे पूजन होते, नव्या पानावर स्वस्तिक रेखले जाते. परंतु प्रत्येक घरात आणखी एक वही असते. तिचे पूजन होत नाही आणि ती कोणी उघडतही नाही. आजोबांच्या हयातीत बुडालेली पेढी, भावाभावांत मिटवलेला परंतु मनातून न मिटलेला हिशेब, कोणासाठी तरी दिलेला जामीन, या साऱ्याची नोंद त्या वहीत असते. ती वाचलेली नसतानाही पुढची पिढी तिच्या हिशेबाने जगत असते.

इंद्रलोक परिसरातील अनेक कुटुंबे मारवाड, गुजरात, सौराष्ट्र, कच्छ येथून मुंबईत आली आणि कालांतराने गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवीच्या जुन्या चाळी सोडून भाईंदरला स्थिरावली. सामानाच्या ट्रकमध्ये कपाटे आली, देव्हारा आला आणि मौनही आले. एखादा हुशार मुलगा उत्तम संधी असूनही व्यवसायात पाऊल टाकत नाही. कागदावर सही करताना त्याचा हात थरथरतो. एखादी मुलगी स्वतःसाठी खर्च करताना अपराधी होते. विचारले तर उत्तर येते, ‘स्वभावच तसा आहे.’ त्या स्वभावामागे कधीकधी एखादी न सांगितलेली हकिगत उभी असते.

कर्जाच्या वारशाचा इतिहास या प्रांतात फार जुना आहे. पूर्वी मुंबई इलाख्यात वडिलांकडून काहीही मिळाले नसले तरी त्यांचे कर्ज मुलाच्या माथी येत असे. १८६५ मध्ये कापसाच्या तेजीचा फुगा फुटला आणि मुंबईतील कित्येक धनाढ्य घरे एका रात्रीत रस्त्यावर आली. पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, हिंदू वारसांना दिलासा देणारा कायदा झाला आणि वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित झाली. तरीही गावोगावी बापाच्या कर्जाची नवी खते मुलाच्या अंगठ्याने लिहिली जातच राहिली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उद्रेक झाला. त्या दंग्यांत जमावाचा रोख प्रामुख्याने कर्जखतांवर आणि वह्यांवर होता. सावकारांत मारवाडी आणि गुजराती व्यापारी होते, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ऋणकोच्या नातवाला भीतीचा वारसा मिळाला. धनकोच्या नातवाला बंद दाराचा आणि संशयाचा.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयाला एक महत्त्वाचा अधिकार दिला. केवळ खतावरील सही पाहून न थांबता त्यामागचा व्यवहार प्रारंभापासून तपासता येऊ लागला. पुढे २००५ च्या हिंदू उत्तराधिकार सुधारणा कायद्याने, जो जैनांनाही लागू आहे, नव्या कर्जांपुरते पित्याचे ऋण फेडण्याचे केवळ ‘धार्मिक कर्तव्य’ म्हणून असलेले पुत्रावरील दायित्व संपुष्टात आणले. त्याच कायद्याने कन्येला वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत पुत्राच्या बरोबरीने हक्क दिला. आणि तरीही किती कन्या काय सोडत आहोत हे न कळताच हक्कसोडपत्रावर सही करतात! कायद्याने माणसाची मालमत्ता मोकळी केली. मन मोकळे करणे कायद्याच्या हाती नसते.

हंगेरीत जन्मलेले व अमेरिकेत कार्य केलेले मनोचिकित्सक इव्हान बोसोरमेन्यी-नाज यांनी १९७३ मध्ये सहलेखिकेसमवेत ‘अदृश्य निष्ठा’ या आशयाच्या नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी कुटुंबाकडे चक्क खातेवहीच्या दृष्टीने पाहिले. कोणी किती दिले, कोणावर अन्याय झाला, कोणाचे देणे राहिले, यांचा अलिखित हिशेब पिढ्यानपिढ्या चालतो आणि नकळत एखादे अपत्य तो चुकता करू पाहते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ही जीवनाकडे पाहण्याची एक दृष्टी आहे, गणिती सिद्धांत नव्हे. परंतु वहीखात्यात वाढलेल्या समाजाला ती सहज उमगावी.

येथे एक शंका उपस्थित होईल. जैन दर्शन तर सांगते की प्रत्येक जीव स्वतःच्याच कर्माचा कर्ता आणि भोक्ता आहे. पित्याचे कर्म पुत्राला लागत नाही. मग हा वारसा कसला? उत्तर असे की, वारशाने येते ते निमित्त. भय, लोभ, मान हे त्या निमित्ताने उदयास येणारे कषाय आपले स्वतःचे असतात. म्हणूनच पूर्वजांना दोष देऊन सुटका नाही, आणि म्हणूनच सुटका शक्यही आहे.

यशोधर राजाची कथा याच सत्याचा दृष्टांत होय. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये ‘यशस्तिलक’ पूर्ण केले, त्यात ती विस्ताराने येते. उज्जयिनीच्या यशोधराने राणीचा व्यभिचार पाहिला. पण मातेला सत्य न सांगता दुःस्वप्नाचे निमित्त पुढे केले. मातेने पशुबळीचा आग्रह धरला आणि तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा मारला गेला. त्या एका लपवणुकीतून आणि संकल्पी हिंसेतून माता-पुत्राची तिर्यंच योनींतील भ्रमंती सुरू झाली. ज्या पुत्राने पित्याच्या श्राद्धासाठी मासा शिजवला, त्याला ठाऊक नव्हते की तो मासा म्हणजेच त्याचा पिता. अखेर ते दोघे त्याच पुत्राच्या पोटी जुळी भावंडे म्हणून जन्मले. त्या भावंडांनी, स्वतः बळी जाण्याच्या क्षणी, मारिदत्त राजासमोर सारी हकिगत सांगितली आणि त्याच्या हातातील शस्त्र गळून पडले. जी साखळी मौनाने घडली, ती कथनाने तुटली.

आपल्या शास्त्रकारांनी माया, मिथ्यात्व आणि निदान यांना शल्य म्हटले आहे. शल्य म्हणजे शरीरात रुतलेला काटा. वरून जखम भरते, आत पू साठतो. लक्ष्मणा साध्वीने आपला दोष गुरूंपुढे दुसऱ्याचा म्हणून मांडला आणि प्रायश्चित्त विचारून घेतले. त्यानंतर वर्षानुवर्षे उग्र तप केले, तरी शुद्धी झाली नाही. तप कमी नव्हते. सरळपणा कमी होता.

उपाय परंपरेतच आहे. आलोचना म्हणजे दोष जसा घडला तसा, योग्य व्यक्तीपुढे, योग्य वेळी मांडणे. घरातील प्रत्येक गोष्ट चव्हाट्यावर आणावी, असा याचा अर्थ नाही. दुसऱ्याची अब्रू उघडी करणे ही हिंसाच होय. परंतु ज्या कर्जाचा भार मुलाच्या संसारावर पडणार आहे, ज्या जामिनावर सुनेची सही लागणार आहे, ज्या हक्कसोडीने कन्येचा वाटा जाणार आहे, ते त्यांना आधी सांगणे हा धर्म आहे. ज्येष्ठांनी बोलावे, तरुणांनी न्यायाधीश न होता ऐकावे.

संवत्सरीला सर्व जीवांची क्षमा मागितली जाते. परगावच्या परिचितांनाही क्षमापनेचा निरोप जातो. पण ज्या सख्ख्या भावाशी वीस वर्षे अबोला आहे, त्याच्या दारापर्यंत पाऊल पोहोचत नाही. यंदा ते पोहोचावे.

पन्नास वर्षे ट्रस्टने आपला जमाखर्च समाजापुढे उघडा ठेवला, म्हणून त्याच्यावरील विश्वास टिकून आहे. संस्थेला जे साधले, ते प्रत्येक घराला साधावे. येत्या पिढीच्या हाती वही द्यावी ती वाचता येईल अशी. आणि त्यात काही देणे बाकी असेल, तर ते कोणाचे व किती, हे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले असावे.

मिच्छामि दुक्कडं. जय जिनेंद्र!