दोन दाबांचे सौरफलक

हैदराबादेत काचीगुड्याच्या एखाद्या गच्चीवर वीजकपातीच्या दिवसांतील लहान सौरफलक अद्याप उभा असतो. घरधनी आता मोठा फलक आणतो आणि दोहोंच्या तारा एकत्र जोडू पाहतो. पैसा वाया जातो तो इथेच.

जुना फलक 18 व्होल्ट दाबाने साडेपाच अँपिअर प्रवाह देतो आणि नवा 36 व्होल्टने 9 अँपिअर, असे धरू. म्हणजे अनुक्रमे 99 व 324 वॅट, एकूण 423. समांतर जोडणीत प्रवाहांची बेरीज होते, परंतु दाब धाकट्याच्या पातळीवर उतरतो. हाती सुमारे 260 वॅट येतात. एकसर जोडणीत दाब 54 व्होल्ट होतो, परंतु प्रवाह दुबळ्याइतकाच वाहतो. मिळकत सुमारे 300 वॅट. एकटा नवा फलक याहून अधिक देता! बैलाशेजारी गोऱ्हा जुंपला, की नांगर गोऱ्ह्याच्याच चालीने चालावयाचा.

शिवाय भार नसताना फलकांचा दाब याहून चढतो, हिवाळ्यातील गार सकाळी तर अधिकच. एकसर जोडणीतील ही बेरीज चार्ज कंट्रोलरची मर्यादा ओलांडील, तर ते यंत्र जळेल.

यास्तव प्रत्येक फलकाला स्वतंत्र कंट्रोलर द्यावा आणि दोन्ही कंट्रोलर एकाच बॅटरीला जोडावेत. बॅटरी 12 व्होल्टची असल्यास नव्या फलकाचा कंट्रोलर दाब उतरवून प्रवाह वाढविणारा, एमपीपीटी जातीचा असावा. फलकाच्या पाठीवर व्होल्ट व अँपिअर यांचे आकडे छापलेले असतात. ते वाचल्यावाचून कोणतीही तार जोडू नये.