शाळेबाहेरचा वर्ग आणि पोलादाचा हिशेब

(भिलाई येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

पर्यावरण शिक्षणासाठी आपल्याकडे आदेशांची वाण नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने निसर्गाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. १९९१ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्यावर भर दिला. पुढे राष्ट्रीय हरित सेनाही आली. उणीव आहे ती मुलांना प्रत्यक्ष जमिनीवर नेण्याची.

भिलाईत शाळेची सहल म्हटली की मैत्रीबाग. पांढरे वाघ पाहून मुले हरखतात, त्यात वावगे काहीच नाही. पण पोलादाचा हिशेब तेथे कळत नाही. १९५९ मध्ये येथे पहिली झोतभट्टी सुरू झाली. तिच्यासाठी लोहखनिज दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरातून, चुनखडी नंदिनीहून आणि पाणी तांदुळा जलाशयाकडून आले. तीन दिवसांचे शिबिर याच वाटेने उलट न्यावे. नंदिनीला चुनखडी काढून झालेल्या खाणीच्या जमिनीवर आता वृक्षलागवड झाली आहे. मुलांनी तेथे झाडाखालच्या मातीवर आणि उघड्या खडकावर तांब्याभर पाणी ओतावे आणि कोठे किती मुरते ते वहीत लिहावे. उत्पादकाच्या खातेवहीत न येणारा, परंतु दुसऱ्या कोणाला तरी सोसावा लागणारा खर्च म्हणजे बाह्यपरिणाम. दहा वर्षांच्या मुलाला ही संकल्पना समजावण्याचा याहून स्वस्त मार्ग मला तरी दिसत नाही.

पैशाचे काय? २०१५ च्या खाण कायदा दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. जुन्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या ३० टक्के, तर लिलावातील पट्ट्यांना १० टक्के रक्कम तेथे भरावी लागते. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार किमान ७० टक्के निधी उच्च प्राधान्याच्या क्षेत्रांवर खर्चावयाचा असून त्यांत शिक्षण आणि पर्यावरण दोन्ही येतात. तरीही इमारत मार्चअखेर दाखविता येते, शिबिर दाखविता येत नाही. अडचण बहुधा येथेच आहे.

आणखी एक. टाउनशिपमधील मुलांना खाण दाखविणे सोपे आहे. राजहऱ्याभोवतालच्या मुलांना मात्र खाण ठाऊकच असते. आपला डोंगर कोठे गेला, हे पाहण्यास त्यांना भिलाईला आणले पाहिजे. दोन्हीकडच्या मुलांचे शिबिर एकत्रच व्हावे. डौंडी तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने तेथील गावांच्या आराखड्यास ग्रामसभेची मान्यता लागते. तेव्हा शिबिराचा प्रस्ताव शाळेने प्रथम तिच्यापुढेच ठेवावा.