परदेशी नवरा आणि संमतीचा घटस्फोट

मैत्रिणींनो, "दोघंही राजी आहोत, मग अडतंय कुठे?" असं केंद्रावर आलेली बाई विचारते. नवरा जर्मन असो की अमेरिकन, लग्न इथे विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर कलम 28 प्रमाणे दोघांना मिळून अर्ज करता येतो. त्याआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं.

पण त्याने तिकडच्या कोर्टाचे कागद पाठवले तर? 1991 साली नरसिंह राव खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की बायकोच्या गैरहजेरीत, आपल्या विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर मिळवलेला परदेशी घटस्फोट इथे चालत नाही. गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. मात्र "मान्य आहे" म्हणून सही केलीत, तर तो निकाल इथेही बांधतो. वकीलसुद्धा हे नेहमी सांगतातच असं नाही!

म्हणून आधी पैसे, मुलांचा ताबा, त्यांचे पासपोर्ट यांचं लिहून घ्या. पोटगीचा इथला हुकूम परदेशात वसूल करणं महाकठीण. दरमहाच्या वायद्यापेक्षा एकरकमी मागा, तीही निकालाआधी कोर्टात जमा करून. इथल्या अर्जातली संमती निकाल लागेपर्यंत मागे घेता येते, हे त्यालाही ठाऊक असू द्या.